आईला, मावशीला आणि काकूला समुद्र दाखवायचा आहे: मुंबईतली कोणती वाट धरावी?

कालव्याकाठचा (परभणी)

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातला, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, आमचं शेत. पैठणहून निघालेला हा कालवा 208 किलोमीटरचा. आमच्यापर्यंत पाणी पोचतं ते सगळ्यांचं भिजून झाल्यावर. हे आधी सांगतोय, कारण पुढच्या गोष्टीत ते लागणार आहे.

गेल्या पौषात आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी मुंबईला नेलं. देवगिरी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरलो. दवाखान्याची वेळ अकराची. आईची संकष्टी होती, म्हणजे खाण्यापिण्याची घाई नाही. बाकड्यावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "समिंदर जवळ हाय का रं इथून?" वय 68, आणि समुद्र फक्त टीव्हीत पाहिलेला. टॅक्सी केली आणि नरिमन पॉइंटला उतरलो.

आई कठड्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. पाच-सात मिनिटं काही बोलली नाही. मग विचारलं, "हे पाणी कुणाच्या पाळीचं हाय?"

कालव्याच्या पाण्याची पाळी कधी येते हे बघण्यात जन्म गेलेल्या बाईनं दुसरं काय विचारावं? मी सांगितलं, हे कुणी सोडत नाही अन् कुणी बंदही करत नाही. तिला ते पटलं नाही. गेट कुठंतरी असणारच, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

तिला पाण्याला हात लावायचा होता. मरिन ड्राइव्हला खाली उतरता येत नाही. त्यामुळे चालत चालत गिरगाव चौपाटी गाठली. मोठीच चूक झाली ती, तीनेक किलोमीटर होतं, आणि तिचा उजवा गुडघा दुखरा. पण चौपाटीवर पोचल्यावर तिनं लुगडं वर खोचलं आणि घोट्याएवढ्या पाण्यात गेली. लाट परत जाताना टाचेखालची वाळू निसटली तशी माझी बाही घट्ट धरली, "अगं माय, वढू लागलं की हे!" बोट बुडवून जिभेला लावलं. पदर भिजला.

दवाखान्यात आमचा नंबर येईपर्यंत पदर वाळला, आणि काठावर मिठाची पांढरी रेघ उमटली. आईनं ती शेजारी बसलेल्या बाईला दाखवली, मग आतल्या नर्सबाईंना दाखवली. ते लुगडं तिनं मुंबईत धुतलं नाही. गावी आणून मावशीला आणि मोठ्या काकूला दाखवलं, त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, आणि आता दोघींनाही जायचंय.

म्हणून विचारतो. तीन बायका, साठ ते सत्तरच्या मधल्या, तिघींचे गुडघे कुरकुरणारे. दीड दिवस हाताशी. कुठं चालावं, किती चालावं? आणखी एक. सकाळी आम्ही गेलो तेव्हा पाणी पार खाली होतं, सिमेंटचे ठोकळे उघडे पडलेले. दुपारी तीनला टॅक्सीनं त्याच रस्त्यानं आलो तर पाणी भिंतीला थडकत होतं. आईनं विचारलं, "सकाळी नव्हतं, आता कुठून आलं?" भरती-ओहोटी एवढंच मला सांगता आलं. यावेळी त्यांना भरलेला समुद्र दाखवायचाय. ती वेळ कशी काढायची?

ठाण्यातला जालनेकर

दादा, वाचून गलबलून आलं. माझ्या आजीनं समुद्र न बघताच डोळे मिटले. त्यामुळे जमेल तेवढं नीट सांगतो.

मरिन ड्राइव्ह पूर्ण चालू नका. नरिमन पॉइंट ते चौपाटी तीनेक किलोमीटर आहे आणि वाटेत सावली नाही म्हटलं तरी चालेल. त्याचे दोन तुकडे करा. चौपाटीचा तुकडा सकाळी. पश्चिम रेल्वेनं चर्नी रोडला उतरलं की चौपाटी समोरच, पण रस्ता ओलांडायला पुलाचे जिने आहेत. गुडघ्यांसाठी टॅक्सीच बरी, थेट वाळूच्या कडेला सोडते. नरिमन पॉइंटचा तुकडा संध्याकाळी. त्या टोकावरून सूर्य थेट पाण्यात बुडताना दिसतो आणि उजव्या हाताला सगळं वळण डोळ्यांत मावतं. अंधार पडला की त्या वळणावर दिवे लागतात, राणीचा हार म्हणतात तो हाच. त्यासाठी सूर्य बुडाल्यावर अर्धा तास थांबा. बरेच लोक सूर्य गेला की उठून जातात आणि नेमकं तेवढंच हुकवतात.

कठडा बसायला रुंद आहे. पण तुमच्या माणसांना पाय रस्त्याच्या बाजूला सोडून बसवा. खालचे चार पायांचे ठोकळे, टेट्रापॉड, लाटेचा जोर मोडायला टाकलेले आहेत. त्यांच्यावर शेवाळ असतं आणि मधल्या फटींत माणूस अडकतो. फोटोसाठी कुणी खाली उतरत असेल तर आपण उतरायचं नाही.

पावसाळ्यात आणूच नका. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते, त्या दिवशी लाट कठड्यावरून रस्त्यावर येते. बघायला भव्य, पण म्हाताऱ्या माणसांना सांभाळून उभं राहण्याची ती जागा नाही. मार्गशीर्ष-पौष उत्तम.

तिकिटाचं एक लक्षात ठेवा. चौघांचं एकत्र तिकीट काढलंत तर खालचा बर्थ मिळेलच असं नाही. 45 वर्षांवरच्या बायकांना आणि 60 वर्षांवरच्या पुरुषांना खालच्या बर्थचा कोटा आहे, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. आई आणि मावशीचं वेगळं काढा, काकूंचं एकटीचं काढा.

गोदाकाठची (नांदेड)

सासूबाईंना घेऊन मागच्या वर्षी मलबार हिलच्या निसर्ग उन्नत मार्गावर गेले होते. कमला नेहरू पार्कजवळ झाडांच्या शेंड्यांतून जाणारी लाकडी फळ्यांची वाट आहे, 485 मीटरची, 2025 च्या गुढीपाडव्याला सुरू झालेली. आमच्या चालीनं जाऊन-येऊन पाऊण तास लागला. मधे एका ठिकाणी समुद्राकडे तोंड केलेला सज्जा आहे, तिथून खाली गिरगाव चौपाटी दिसते. ज्या वाळूवर तुमच्या आईनं पाय भिजवले तीच वरून दाखवा, त्यांना आवडेल.

तिकीट 25 रुपये, पण ऑनलाइन आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. आयत्या वेळी गेलात तर परत फिरावं लागेल. शनिवार-रविवार टाळा.

फळ्यांवर चालताना पायाला सिमेंटसारखा धक्का बसत नाही, हे सासूबाईंनीच सांगितलं. त्यांनी तिथं चप्पल काढून हातात घेतली होती. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "लाकडावर चपला घालून कोण चालतं? माळवदावर चढताना काढायचो की."

पैठण रोड

समुद्रापेक्षा आपला नाथसागर, जायकवाडी धरणाचा जलाशय, काय वाईट आहे? पलीकडचा काठ दिसत नाही, हिवाळ्यात हजारो पक्षी, 1986 पासून अभयारण्य. परभणीहून सकाळी निघून रात्री घरी. दवाखाना नाही, टॅक्सी नाही. म्हाताऱ्या माणसांना एवढं दूर दगदगीत नेण्याआधी विचार करा.

कालव्याकाठचा (परभणी)

पैठण रोड भाऊ, तुमची काळजी बरोबर आहे. पण नाथसागर आईनं बघितलाय, नाथषष्ठीला तीनदा. तो बघून तिला पाणी किती साठलं, टक्केवारी किती, आपल्याला कधी सुटणार हेच सुचतं. समुद्राकडे बघताना तिला हिशेब करायचा नव्हता, मला तेच तिला परत द्यायचंय.

लातूरचा एक

वरचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. घरात नळ होता, त्याला पाणी नव्हतं. वडील रात्री दोन-दोनला उठून टँकरच्या रांगेत घागरी लावायचे. नंतर मला मुंबईत नोकरी लागली. वडिलांना वरळी सी फेसला फिरायला नेलं, ऐन भरतीची वेळ होती. ते कठड्यावर बसले. हातात पाण्याची बाटली होती. दोन घोट घेतले, झाकण लावलं, ते नीट बसलं का म्हणून दोनदा दाबून बघितलं, आणि बाटली मांडीखाली धरून समुद्राकडे बघत राहिले. तासभर. उठताना म्हणाले, "उद्या पुन्हा येऊ." चार दिवस होते, चारही दिवस संध्याकाळी तिथंच गेलो.

तर माझा सल्ला, ठिकाणं जास्त करू नका. एकच जागा धरा आणि तिथं दोनदा जा. पहिल्या खेपेला माणूस बावरतो, दुसऱ्या खेपेला बघतो.

कोस्टल रोडच्या कडेचा नवा पदपथही आहे, प्रियदर्शिनी पार्क ते वरळी, त्याचा मोठा भाग ऑगस्ट 2025 मध्ये खुला झाला. रुंद आहे, मोकळा आहे. पण तिथं जायला भुयारी मार्ग उतरून चढावे लागतात आणि उन्हात झाड नाही. तिघींना घेऊन नको, तुम्ही एकटे कधी आलात तर जरूर.

सेलूची, आता अलिबागला

मी मूळची सेलूची, म्हणजे तुमच्याच भागातली. शिक्षिका म्हणून अलिबागला आहे, चौदा वर्षं झाली. भरतीची वेळ कशी काढायची ते सांगते. यासाठी मोबाइल लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय लागतं. हे मला इथल्या एका कोळी आजींनी शिकवलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, तिथ्या तर आपल्या आयाबायांना तोंडपाठ असतात, मग हे आपल्याकडे कुणी सांगितलं कसं नाही!

तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. जे येईल ती भरतीची वेळ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. सवाबारा तासांनी, किंचित जास्तच, दुसरी भरती. दोन भरत्यांच्या मधोमध, म्हणजे साधारण सहा तासांनी, ओहोटी. दर दिवशी वेळ पाऊण तासानं पुढं सरकते, कारण चंद्रही तेवढाच उशिरा उगवतो. पाच-दहा मिनिटं, कधी अर्धा तास इकडंतिकडं होतं, पण फिरायला जाण्यापुरतं पक्कं.

दादा, तुम्ही लिहिलंत की आईची संकष्टी होती. म्हणजे चतुर्थी. चार त्रिक बारा, बाराला चारनं भागले, तीन. दुपारी तीनला भरती! आणि त्याआधी सहा तास म्हणजे नऊला ओहोटी. म्हणून सकाळी ठोकळे उघडे आणि तीनला पाणी भिंतीला. आईंना सांगा, "आता कुठून आलं" याचं उत्तर त्यांच्या उपासातच होतं.

आता तुमच्यासाठी दिवस. अष्टमी घेतलीत तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. सकाळी सहाला भरती आणि संध्याकाळी साडेसहाच्या आत-बाहेर दुसरी. नवमीला पावणेसात आणि सात. म्हणजे सूर्य बुडायच्या वेळी पाणी भरत आलेलं. पण अष्टमी-नवमीला भांग असते, भरती मोठी नसते, पाणी शांत. म्हाताऱ्या माणसांना हेच बरं. उधाण बघायचं असेल तर अमावस्या-पौर्णिमा, पण तेव्हा भरती येते दुपारी साडेअकरा-बाराला, डोक्यावर ऊन. आणि संध्याकाळी पाचसाडेपाचला पाणी पार आत गेलेलं. वाळूत लांबवर चालायचं असेल तर मात्र तीच वेळ चांगली.

ओहोटी-भरतीला हलकं घेऊ नका. इथं कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत जाता येतं, आणि परतायला उशीर झाला की कमरेएवढं पाणी मधे उभं राहतं. दर हंगामात बाहेरगावची माणसं अडकताना बघते. चौपाटीवरही लाटेकडे पाठ करून उभं राहायचं नाही एवढं तिघींना सांगा.

ठाण्यातला जालनेकर

ताई, वीस वर्षं झाली मला इकडे येऊन, हे माहीत नव्हतं. आज दशमी. दहा त्रिक तीस, साडेसात. आत्ता मोबाइलमध्ये भरतीचं वेळापत्रक काढून बघितलं, वीस मिनिटांचा फरक.

निळी पहाट (हिंगोली)

आमच्याकडच्या कितीतरी माणसांनी पहिला समुद्र बघितला तो 6 डिसेंबरला, चैत्यभूमीवर. 7 डिसेंबर 1956 ला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, आणि तेव्हापासून मराठवाड्यातून गाड्या भरून माणसं जातात. माझे आजोबा दर वर्षी जायचे, धोतराच्या सोग्यात भाकरी बांधून. दर्शन झालं की पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहायचे. एकदा मी विचारलं, आबा, काय बघता? म्हणाले, "बाबा इथं काय बघत असतील ते बघतो."

2022 मध्ये तिथं शेजारीच पाण्यावर आलेला माता रमाबाई आंबेडकर स्मृती व्ह्यूइंग डेक झाला आहे. बाकडी आहेत, झाडं लावलेली आहेत, पुढं समुद्र आणि लांबवर वांद्रे-वरळी सेतू. चालणं फार नाही, बसणं जास्त. तिघींसाठी फार योग्य जागा. स्टेशनवरून चालत नेऊ नका, टॅक्सीनं शिवाजी पार्कच्या बाजूनं या. निव्वळ फिरायला जाणार असाल तर डिसेंबरचा पहिला आठवडा सोडा, तेव्हा ती जागा लाखोंची असते. दर्शनासाठी जायचं असेल तर तेव्हाच जा.

तेरचा

एक मुद्दा मांडतो. आपण मराठवाड्यातली माणसं समुद्राला परकं समजतो, पण आपलं नातं जुनं आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याची टिपणं आहेत, अरबी समुद्रातल्या बंदरांविषयीची. त्यात दख्खनमधली दोन मोठी बाजारपेठेची गावं आहेत, पैठण आणि तगर. तगर म्हणजे आमचं तेर. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, असं तो लिहितो. पैठणचे अकीक दगड आणि तेरचं कापड गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथून जहाजानं पुढं. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही बघायला मिळतात. इथं सापडलेली हस्तिदंताची स्त्रीप्रतिमा इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या प्रतिमेच्या जवळची आहे.

म्हणजे आपल्या गावचं कापड दोन हजार वर्षांपूर्वी त्या पाण्यावरून गेलंय. तुमच्या आईच्या पदराला मिठाची रेघ लागली हे वाचून मला आधी तेच आठवलं.

गोदाकाठची (नांदेड)

जेवणाचं राहिलं. पहिल्या दिवसाचं घरून न्या, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी टिकते. चौपाटीवर भेळ खाऊ द्या, पण एकीनं एक नको, तिघींत एक. नव्या पाण्यानं पोट बिघडलं तर दीड दिवस फुकट जाईल. स्वच्छतागृह स्टेशनवरच उरकून निघा, आणि पुढं जिथं दिसेल तिथं गरज नसली तरी विचारा. आपल्या बायका लाजून सांगत नाहीत आणि दिवसभर पाणी पीत नाहीत. हे तुम्ही पुरुषमाणसानं विचारलेलं त्यांना अवघडेल, तर सोबत बायकोला किंवा बहिणीला न्या.

कालव्याकाठचा (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा धागा आईला वाचून दाखवला, मावशीही आलेली होती.

सेलूच्या ताईंचा हिशेब ऐकल्यावर आईनं कालनिर्णय खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं. पुढच्या चार महिन्यांच्या अष्टम्या-नवम्या बोटांवर मोजल्या. मार्गशीर्ष शुद्ध नवमी ठरली. पहिल्या दिवशी अष्टमीला संध्याकाळी नरिमन पॉइंटला, दुसऱ्या दिवशी सकाळी उन्नत मार्ग, आणि नवमीच्या संध्याकाळी पुन्हा नरिमन पॉइंट. लातूरच्या भावाचं एकाच जागी दोनदा जाण्याचं मला पटलं. मधल्या वेळात चैत्यभूमीचा डेक. बायको सोबत येते आहे. बर्थचं सांगितलंत तसं तिकीट वेगवेगळं काढेन.

एक गोष्ट मात्र तिला फार लागली. मी सहज सांगितलं की आपली गोदावरी त्र्यंबकला उगवते, अरबी समुद्र तिथून जेमतेम ऐंशी किलोमीटर. तरी ती पाठ फिरवून पूर्वेला येते, 1,465 किलोमीटर वाहत आंध्रात पलीकडच्या समुद्राला मिळते. आई बराच वेळ गप्प होती. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. म्हणाली, "म्हंजे आपली गंगा ह्या समिंदराला कधी भेटलीच न्हाई?"

नाही म्हटलं.

तिला आता ओटी भरायची आहे की नारळ वाहायचा आहे, समुद्राला काय चालतं, हे ताई, तुम्हीच सांगा.

सेलूची, आता अलिबागला

कोळी लोक नारळी पौर्णिमेला नारळ वाहतात. आपण एरवी वाहिला तरी कुणी काही म्हणत नाही. फुलं नुसती सोडा, पिशवी, दोरा, प्लास्टिक काही पाण्यात जाऊ देऊ नका. चौपाटीवर घोट्याएवढ्या पाण्यातून सोडा, मरिन ड्राइव्हच्या कठड्यावरून फेकू नका.

कालव्याकाठचा (परभणी)

कळवलं. नारळ तिनं बाजूला ठेवला. निघायच्या आदल्या दिवशी गंगाखेडला जाऊ म्हणते, घाटावरून गंगेचं पाणी भरून घ्यायला. देवघरातला तांब्याचा गडू तिनं चिंच लावून घासून ठेवलाय. त्याला घट्ट बसेल असं झाकण मी बघतोय. रात्रभराचा गाडीचा प्रवास, सांडायला नको.